वसईची आजी

वसईच्या सामवेदी ख्रिस्ती वाडीत एखादी वृद्धा निवर्तली, की तिच्या देवभक्तीचा गौरव होतो. तो यथार्थच आहे. चर्चला ती देऊळच म्हणे, आणि भर पावसातही तिचा रविवारचा मिस्सा चुकत नसे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत होऊ लागली. तोवरच्या लॅटिन प्रार्थना तिने, अर्थ न कळताही, श्रद्धेने ऐकल्या. परंतु देवळातली आजी स्मरून बागेतली आजी विसरणे हा तिच्यावर अन्याय होय. पहाटेच्या काळोखात उठावे, केळीला पाणी द्यावे, भाजीच्या जुड्या बांधाव्यात आणि डोक्यावर पाटी घेऊन मुंबईच्या बाजाराची गाडी गाठावी, हा तिचा नित्यक्रम. घरी सुकेळी वाळत घालावयाची ती निराळीच. याच मिळकतीतून नातवंडांची शाळा झाली. शिकलेल्या नातवंडांना मात्र चारचौघांत तिच्या तांबड्या लुगड्याचा आणि बोलीचा संकोच वाटू लागला! आज कित्येक घरांत तिच्या तसबिरीला ताज्या फुलांचा हार असतो. तिची बोली बोलणारे मूल तेथे क्वचितच आढळते.