लेन्स निघत नाही म्हणून काय झालं?

"म्हणजे लेन्स निघतच नाही?"

दादाने हा प्रश्न तीनदा विचारला. एकदा कॅमेरा हातात घेऊन, एकदा लेन्स खरोखर पिळून बघून आणि तिसऱ्यांदा वहिनीकडे बघून, जणू माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याचं तिच्याकडून कबूल करून घ्यायचं होतं. मग ताटावर बसल्यावर निकाल: "एवढे पैसे घालून निघत नाही ती लेन्स घेतलीस? लग्नातल्या फोटोग्राफरची तरी निघते गं!"

तेव्हा मी आमटी वाढून घेत होते, म्हणून गप्प बसले. आता बोलते.

तर मंडळी, मी घेतला तो फुजीचा जीएफएक्स १०० आरएफ. तो मार्च २०२५मध्ये जाहीर झाला तेव्हा अमेरिकेत किंमत होती ४,८९९ डॉलर. इथे हातात पडेपर्यंत त्याचं काय होतं ते विचारू नका, ह्यांनाही मी पूर्ण आकडा सांगितलेला नाही. (अहो, वाचत असाल तर नंतर बोलू.) १०२ मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट सेन्सर आणि त्यावर कायमची बसवलेली एकच ३५ मिमी एफ/४ लेन्स. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यावर २८ची लेन्स जेवढं दाखवायची, तेवढं ही दाखवते. झूम नाही आणि बदलायची सोयही नाही.

दादाकडे याच घराण्यातला जीएफएक्स १०० एस आहे. सेन्सर तेवढाच मोठा, पिक्सेल तेवढेच, पण लेन्सा बदलता येतात. आणि बदलता येतात म्हटल्यावर त्या घेतल्या जातात. बॉडी ९०० ग्रॅम, ३२-६४चा झूम ८७५ ग्रॅम आणि ती लाडकी ११०ची एफ/२, एक किलो दहा ग्रॅम. बेरीज पावणेतीन किलोच्या वर. शिवाय बॅग, फिल्टर, फुंकणी, आणि ते सगळं उचलणारा भाचा. माझा कॅमेरा बॅटरी आणि कार्डासकट ७३५ ग्रॅम भरतो. माझा उजवा खांदा गेली चार वर्षं दुखतोय, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

पण वजनाचा मुद्दा बाजूला ठेवा. वजनावर वाद जिंकला तर तो खांद्याने जिंकला असं होईल.

आपल्याकडे प्रत्येक घरात एक माळा असतो. त्यावर जुना स्टोव्ह, तुटक्या दांड्याची कढई, कुठल्याशा मिक्सरचं भांडं (मिक्सर केव्हाच गेला) असं सगळं जपून ठेवलेलं असतं. का? तर "असू दे, लागेल कधीतरी." लेन्सा बदलता येणारा कॅमेरा म्हणजे फोटोग्राफीतला माळा. ११० कशाला? लागेल कधीतरी. २३ कशाला? देवळात गेलो तर. ती "तर" पुरी करायला माणूस आयुष्यभर पैसे भरत राहतो, आणि समोर जे आहे ते बघायचं सोडून मनातल्या मनात बॅग उघडत बसतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. २०२२च्या मे महिन्यात राजापूरला आजोळी गेले तेव्हा दादाने प्रेमाने आपला अख्खा संच दिला होता. (दादा, त्यासाठी अजूनही आभार. खरंच.) संध्याकाळची वेळ होती. मामी पडवीत फणसाचे गरे सोडवत बसली होती. हाताला खोबरेल लावलेलं, केस सुटलेले, कुणाला तरी शिव्या घालणं चालू होतं. बहुधा माकडांना. खळ्यातून तिरका उजेड आत आला होता. माझ्या कॅमेऱ्यावर झूम होता आणि मनात आलं, इथे ११०च हवी. मी म्हटलं, "मामी, थांब हं, लेन्स बदलते."

ती थांबली ना! हात धुतले, पदर सारखा केला, केस बांधले आणि सरळ बसून माझ्याकडे बघायला लागली. लेन्स चढवून मी डोळा लावला तेव्हा गऱ्यांचं पातेलंसुद्धा तिने मागे सारलं होतं.

तोच फोटो दादाच्या दिवाणखान्यात आहे. तीन फूट उंचीचा. केस अन् केस मोजून घ्या, मागची पडवी लोण्यासारखी विरघळलेली. येणाऱ्या प्रत्येकाला दादा सांगतो, "११०चा आहे." मामी २०२३मध्ये गेली. दादा, रागावू नकोस, पण तो फोटो बघितला की मला तुझी आई दिसत नाही, मला माझं "थांब" दिसतं. ती माणसासमोर अशी बसायचीच नाही रे कधी.

शिवाय त्या लेन्स बदलण्यात सेन्सरवर एक कण जाऊन बसला, तो पुढच्या सगळ्या फोटोंत आकाशात डाव्या कोपऱ्यात आहे. कोकणातल्या मे महिन्यात आणखी काय होणार? पण तो कण पुसता आला. ते दुसरं नाही पुसता आलं.

आता दादाचे मुद्दे घेते, नाहीतर म्हणेल की रडून जिंकली.

पहिला, "२८च्या लेन्सने माणसाचं नाक भोपळ्याएवढं येतं." येतं, जवळ गेलं तर. नाक मोठं करते ती लेन्स नव्हे, जवळीक. सहा फुटांवर उभी राहिले तर कुठल्याही लेन्सने नाकाचं आणि कानाचं नातं तेच राहतं, फक्त आजूबाजूचं जास्त येतं. ते कापता येतं. त्यासाठी या कॅमेऱ्यावर चक्क एक खटका दिलाय. ३५ची चौकट ४५ची केली तर सुमारे ६२ मेगापिक्सेल उरतात, ६३ची केली तर ३१ आणि ८०ची केली तरी २०. ६३ म्हणजे साधारण जुन्या पन्नासच्या लेन्सची नजर. ३१ मेगापिक्सेल कुठल्याही भिंतीला पुरतात, दादाच्या दिवाणखान्यातल्यासुद्धा.

हो, मागचं विरघळत नाही. कापलं तरी धूसरपणा ३५ एफ/४चाच राहतो, ११० एफ/२चा येत नाही. पण मला ते विरघळवायचंच नाहीये! ज्या घराचे फोटो काढायला मी हा कॅमेरा घेतला, ते घर म्हणजेच मागचं दृश्य. चिऱ्याची भिंत, माजघराचा उंबरा, मंगलोरी कौलांमधल्या काचेतून पडणारा उजेडाचा चौकोन. माणसापाठीमागचं लोणी करून मी काय पोळीला लावू?

दुसरा, "बॉडी जाते, लेन्स राहते. गुंतवणूक आहे ती." हे वाक्य दुकानदार इतक्या वर्षांपासून म्हणतायत की आपल्याला ते सुभाषित वाटायला लागलंय. काँटॅक्स ६४५ आठवतो? १९९९मध्ये आला. त्याच्या झाइसच्या ८० मिमी एफ/२ लेन्सवर लोक अजून जीव टाकतात. २००५मध्ये क्योसेराने काँटॅक्सचा धंदाच गुंडाळला. लेन्सा राहिल्या हो, पण त्यांच्यासाठी नवी बॉडी त्या घरात पुन्हा जन्मली नाही. माउंट म्हणजे कंपनीने दिलेला शब्द, आणि कंपन्यांचा शब्द किती दिवस टिकतो ते बघतोच आहोत.

(माझी लेन्स बिघडली तर अख्खा कॅमेरा दुरुस्तीला जाईल, हा दादाचा प्रतिटोला मात्र खोडता येत नाही. जाईल. तेवढे दिवस मी फोटो काढणार नाही.)

तिसरा मुद्दा वहिनीचा, आणि तो सगळ्यात चांगला. ती म्हणाली, "एवढंच दिसतं तर मग फोनच की हा!" वहिनी, शंभर टक्के. फोनची मुख्य लेन्स जेवढं दाखवते त्याच्या जवळपासच ही दाखवते. गेली पंधरा वर्षं आपण सगळे त्याच चौकटीतून जग बघतोय, म्हणून ती नजर मला शिकावी लागली नाही. फक्त फोनचा सेन्सर नखाएवढा आणि हा ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरचा. भिंतीवर लावल्यावर फरक कळतो.

आणि "मीडियम फॉरमॅट" या शब्दाने फार हुरळू नये, तेही सांगते. बाबांचा आगफा क्लिक थ्री आठवतोय ना? बडोद्यात बनायचा, १२० फिल्मवर बारा फोटो. त्या पत्र्याच्या डब्यातल्या चौकोनी निगेटिव्हचं क्षेत्रफळ माझ्या या सेन्सरच्या दुपटीहून जास्त भरतं! त्याचीही लेन्स निघत नव्हती आणि ती निघावी असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही. बाबा पायांनी झूम करायचे, ते विहिरीत पडतील की काय अशी आईला धास्ती. आमच्या घरातली बरीचशी मेलेली माणसं त्या बारा-बारा चौकोनांत जिवंत आहेत. रोलायफ्लेक्स घ्या. होमाई व्यारावालांच्या गळ्यात तो असायचा. त्याचीही लेन्स निघत नाही. आणि ज्या हॅसलब्लाडची नावं लेन्सावाले घेतात, त्यांनी १९५४मध्ये स्वतःच ३८च्या बायोगॉनचा कायमच्या लेन्सचा कॅमेरा काढला होता. लेन्स जागेवरून हलणार नसेल तर मागची काच फिल्मच्या अगदी जवळ आणता येते, आरशाला जागा सोडावी लागत नाही. तेव्हा हा गरिबांचा पर्याय नव्हता.

मग दादाने शेवटचं अस्त्र काढलं. "बदलता येणारा घे, एकच लेन्स लाव आणि काढूच नकोस. कुणी जबरदस्ती केलीय?" तर्काने बरोबर आहे. बॉडीवर ५० एफ/३.५ लावली तर सव्वा किलोच्या आत बसतं. पण दादा, लाडवांचा डबा समोर ठेवून उपास करायला सांगतोयस तू. कुणाला, मला! शिवाय माझ्या लेन्समध्येच लीफ शटर आहे. त्याचा आवाज जवळजवळ होत नाही, आरतीच्या वेळी गुरुजी वळून बघत नाहीत. आणि भर दुपारी खळ्यातल्या उजेडात छोटा फ्लॅश टाकायचा तर तुझं शटर १/१२५ला अडतं, माझं अडत नाही. उजेड फारच झाला तर चार स्टॉपचा एनडी फिल्टर आतच आहे, एका बटणावर.

अंधारात मात्र मी मार खाते. एफ/४ लेन्स आणि सेन्सर स्थिर ठेवायची सोय नाही, हा या कॅमेऱ्याचा खरा दोष आहे आणि बनवणाऱ्यांनी तो मुकाट मान्य करायला हवा. माजघरात दुपारी बारालासुद्धा दिवा लागतो. तिथे मी तिवई लावणार. माणसं असतील तर आयएसओ चढवणार आणि जो दाणा येईल तो येऊ देणार. पावसाचंही तसंच, बरोबर येणारी कडी आणि काच लावल्याशिवाय लेन्सच्या बाजूने पाण्याची खात्री नाही. मी ती पहिल्या दिवशीच लावून टाकली.

जो पैसे घेऊन फोटो काढतो त्याने लेन्सा बदलाव्यात. गिऱ्हाईक अंगठीचा खडा दाखवा म्हणालं तर त्याला "नाही" म्हणायची सोय नसते. मला आहे. सासष्टाव्या वर्षी, स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांनी, मी जे दिसणार नाही त्याला "नाही" म्हणू शकते. ती सोय मी विकत घेतली.

असो. आता कामाचं. दिवाळीनंतर राजापूरचं घर उतरवायचं नक्की झालंय. त्याआधी दहा दिवस मी तिथे राहणार आहे. कॅमेरा एक, लेन्स एक, चौकट बाबांसारखी चौकोनी. आपापल्या आठवणीतली जागा ज्यांना हवी असेल त्यांनी आत्ताच सांगून ठेवा. नंतर "अगं, कोनाड्याचा नाही काढलास?" चालणार नाही. जिन्याखालच्या अडगळीत आपण लपायचो ती भिंत कुणाच्या लक्षात आहे का? तिथे कोळशाने काहीतरी लिहिलेलं होतं.

आणि दादा, तू चारही दिवस ये. बॅग घरी ठेव. वहिनी म्हणाली, तुला आईसारखे गरे सोडवता येतात. फणस नसेल तेव्हा, पण पडवीत बसशील ना?