अर्ध्या वकिलाची कैफियत

गेल्या ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात घेत आमच्या नात्यातल्या एका वकीलसाहेबांनी मला विचारलं, "काय भाईजान, अर्धे वकील झालात म्हणे?" सगळे हसले, मीही हसलो. त्रेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून पॅरालीगलचा डिप्लोमा करणारा माणूस हसण्यासारखाच दिसत असणार. पण उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते आज देतो.

आक्षेप काय आहे? मला काळा कोट घालता येणार नाही, कोर्टात उभं राहता येणार नाही. कबूल. 1961 च्या अधिवक्ता कायद्याने वकिली ही वकिलाचीच. एखाद्या प्रकरणापुरती न्यायालयाने परवानगी दिली तरच दुसऱ्या कुणाला बोलता येतं. याबद्दल माझी तक्रार नाही. माझा सवाल असा आहे की आपल्या मोहल्ल्यातला माणूस कोर्टापुढे उभा राहतो, त्याआधी किती ठिकाणी हरलेला असतो?

1978 सालचा मोतीरामचा खटला घ्या. मध्य प्रदेशातला हा गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा सख्खा भाऊ उभा राहिला तर नाकारला, कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. देशातलं सर्वांत मोठं न्यायालय 'सोडा' म्हणतंय आणि माणूस आतच आहे. शेवटी न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांना त्यावर पुन्हा निकाल लिहावा लागला. ही गोष्ट मी डिप्लोमाच्या पुस्तकात वाचली तेव्हा वाटलं, जुना जमाना होता.

मग आमच्याच गल्लीतला पोरगा अडकला. वेल्डिंगच्या दुकानात कामाला, एका मारामारीत नाव आलं. सोमवारी जामीन झाला म्हणून त्याच्या अम्मीने पेढे वाटले. तीन आठवड्यांनी भेटली तर डोळे सुजलेले, पोरगा अजून आतच. जामीनदार सापडत नव्हता. जामीनदाराला ऐपतीचा दाखला हवा, त्यासाठी सातबारा किंवा घराचा उतारा हवा, आणि आमच्या गल्लीत घरं आहेत ती आजोबांच्या नावावर, आजोबा कब्रस्तानात. वकिलाची फी जामीन मिळाल्यावर संपली होती, त्यामुळे वकीलही संपला होता.

सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला स्पष्ट सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगाला भेट देणारा वकील पाठवून त्या माणसाला मदत करायची. महिन्याभरात जामीनपत्र दाखल झालं नाही, तर अटी सैल करता येतील का, हे न्यायालय आपणहूनही पाहू शकतं. आमच्या पोराबद्दल कुणी कुणाला कळवलं नव्हतं. मी एका पानाचा अर्ज लिहून प्राधिकरणात दिला, सोबत आदेशाची झेरॉक्स जोडली. तिथून मोफत वकील मिळाला, अट बदलून मिळाली, पोरगा सहाव्या दिवशी घरी आला. मी कोर्टात एक शब्द बोललो नाही. बोलायची गरजच पडली नाही, वकीलसाहेब.

यात माझी हुशारी काही नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हे आपल्या मोहल्ल्यात किती जणांना माहीत आहे? तलाक झालेल्या, पोटगीसाठी दागिने मोडून फी भरणाऱ्या आपांना तरी माहीत आहे का?

दुसरी बाब कागदाची. रझिया हे नाव शाळेच्या दाखल्यावर रजीया, रेशन कार्डावर राजिया, आधारवर आणखी काही. क्लार्कच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं आणि आयुष्यभर आपण तीन बायका झालो. सुईणीच्या हातून घरी जन्मलेल्यांचा तर दाखलाच नाही. एक वर्षाहून जुनी नोंद करायची तर आधी मॅजिस्ट्रेटचा आदेश लागायचा. 2023 च्या दुरुस्तीनंतर ते काम महसुली अधिकाऱ्यांकडे आलं. आणि 2025 च्या जानेवारीत मालेगावच्या अशा दाखल्यांच्या चौकशीला सरकारने विशेष पथक नेमलं. ज्याचा अर्ज नीट, पुरावे नीट, तो निदान मान वर करून उत्तर देईल. ज्याने तहसीलच्या गेटवरल्या एजंटाला दोन हजार देऊन 'करून घेतलं', त्याचं काय? तो एजंट ना वकील, ना शिकलेला, उद्या त्याचा फोनही लागणार नाही. तो अर्धा वकील आपल्याला चालतो!

सरकारलाही सोडत नाही. 2009 पासून विधी स्वयंसेवकांची योजना आहे. तिच्या नियमांतच म्हटलंय की मिळकतीकडे न पाहणारी, मदतीची वृत्ती असलेली माणसं निवडा. म्हणजे न्यायाधीशाला पगार, वकिलाला फी, शिपायाला पेन्शन, आणि तुरुंगात जाऊन कैद्याशी बोलणाऱ्याला कामाच्या दिवसापुरतं मानधन आणि सेवाभाव. हातावर पोट असलेला माणूस सेवाभाव किती दिवस खाणार? मग ही कामं निवृत्तांकडे जातात, किंवा ज्यांच्या घरी दुसरी कमाई आहे त्यांच्याकडे. वस्तीतला, वस्तीची भाषा बोलणारा पोरगा रिक्षा चालवायला निघून जातो.

विद्यापीठाचंही ऐका. नाव घेत नाही. पुस्तकं इंग्रजीत, तीही जाडजूड. महाराष्ट्रात खालच्या न्यायालयांची भाषा 1998 च्या अधिसूचनेने मराठी आहे, मग पोलीस ठाण्यात मराठीत अर्ज कसा लिहायचा हे एका पानात तरी शिकवा! वर्षभरात मला एकदाही ठाण्याची पायरी चढायला लावली नाही. स्वाध्याय तर निम्मा वर्ग एकमेकांचे उतरवत होता. मी खरं काय शिकलो ते एका म्हाताऱ्या अर्जनवीस चाचांच्या टेबलाशेजारी बसून. विषय, संदर्भ, मागणी, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

आणि आता आपली जमात. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, नमाज-रोजाबद्दल नाही. देण्याघेण्याची लिखापढी कशी करावी, याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, लिहायला नकार देऊ नये, असा तिचा हुकूम आहे. ज्यांच्या किताबात लिहिणाऱ्याला एवढी जागा, त्यांच्या वस्तीत अर्ज लिहायला माणूस मिळत नाही. जलशाच्या मांडवाला वर्गणी एका रात्रीत जमते. मी गेल्या महिन्यात ट्रस्टच्या बैठकीत म्हटलं, बी.ए. होऊन घरी बसलेल्या चार मुलींची या डिप्लोमाची फी भरा, आणि मशिदीजवळच्या रिकाम्या खोलीत त्यांना एक टेबल द्या, महिना ठरलेल्या पगारावर. एका बुजुर्गांनी विचारलं, "मुली ठाण्यात जाणार?" मी म्हटलं, आपल्या सुना पोटगीसाठी एकट्या जातातच की. त्यावर बैठकीत चहा आला. ठराव पुढच्या महिन्यावर गेलाय.

तोवर टेबल माझ्या ओट्यावर आहे. असरनंतर या, सोबत रेशन कार्ड आणि शाळेचा दाखला आणा, मूळ प्रत. वकीलसाहेब, तुम्हीही या. तुमच्या तीन पक्षकारांचे घरचे लोक काल येऊन गेले.