दाणा चिकात असताना

पर्वत पाटियाच्या परिसरात आपली अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली, तरी गावाकडील शेताशी त्यांचा ऋणानुबंध सुटलेला नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारकडे कुणाचा थोरला भाऊ, कुणाचा चुलता शेती सांभाळतो. दारी दोन दुभती जनावरे असतात. उन्हाळ्यात वैरणीची ओढ लागली की इकडून पैसे पाठवावे लागतात. म्हणून मुरघासाचा विचार आपणही करणे उचित ठरेल.

मुरघास म्हणजे हवाबंद आंबवलेली हिरवी वैरण. मक्याची बारीक कुट्टी खड्ड्यात दाबून भरली, की तिच्यातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल निर्माण होते आणि चारा टिकतो. चारा टिकविण्याच्या अशाच संशोधनाबद्दल फिनलंडचे शास्त्रज्ञ विर्तानेन यांना १९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले होते.

तथापि, मुळात नसलेले सत्त्व आंबविल्याने येत नाही. ते कापणीच्या दिवशीच ठरते. पीक जून होऊ लागले, की ताटात लिग्निन नावाचे काष्ठद्रव्य वाढते. गाईच्या पोटातील जीवाणूंनाही ते पचविता येत नाही. म्हणूनच गवत फुलोऱ्यानंतर झपाट्याने निकस होत जाते. मक्याचे थोडे निराळे आहे. ताट कठीण होत असतानाच कणसात पिष्ट भरत असल्यामुळे काही दिवस ही हानी भरून निघते. तेच कापणीचे दिवस होत.

ते ओळखावे कसे? कणीस मधोमध मोडून दाणा पाहावा. वरचा कठीण पिवळा भाग आणि खालचा दुधाळ भाग यांमधील रेषा दाण्याच्या साधारण मध्यावर आली, की कापणीस विलंब करू नये. त्या वेळी संपूर्ण झाडात शुष्क भाग शेकडा ३० ते ३५ असतो.

त्याआधी कापल्यास पाण्याबरोबर पोषक रस झिरपून जातो आणि चाऱ्यास दुर्गंधी येते. फार उशीर केल्यास कुट्टी नीट दाबली जात नाही, आत हवा राहून बुरशी धरते, आणि टणक झालेले दाणे शेणातून अख्खेच बाहेर पडतात. खड्डा भरलेला दिसतो, गाय खातेही; दूध मात्र वाढत नाही, आणि सरकी-पेंडेचा खर्च चुकत नाही.

तेव्हा गावी खुशाली विचारताना ‘मुरघास किती भरला?’ एवढ्यावरच थांबू नये. ‘कापला तेव्हा दाणा कसा होता?’ हेही आवर्जून विचारावे.