विश्लेषण : तपासणीला आलेल्या दहांतील एकीला ‘एचपीव्ही’; पुढे काय?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीला आलेल्या किती महिलांमध्ये ‘एचपीव्ही’ विषाणू सापडतो? याचे राज्यातील सर्वांत भक्कम उत्तर उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून मिळाले. वाढवण, डहाणू, तलासरीसाठीही ते महत्त्वाचे आहे.

उस्मानाबादमध्ये काय आढळले?

टाटा मेमोरियल रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण महिलांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी झालेल्या सुमारे २७ हजार जणींपैकी १०.३ टक्के महिलांमध्ये विषाणूचे घातक प्रकार आढळले. आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीसाठी निवडलेल्या संपूर्ण गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. केवळ नेहमीच्या आरोग्यसेवेवर राहिलेला गट थोडा लहान होता, तरी तिथे ६४ मृत्यू झाले. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

विषाणू सापडला म्हणजे कर्करोग?

नाही. बहुतेक महिलांचे शरीर हा संसर्ग एक-दोन वर्षांत स्वतःच घालवते. तो वर्षानुवर्षे टिकला, तरच धोका वाढतो. कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. संसर्ग लैंगिक संबंधातून होतो, पण कधी झाला हे सांगता येत नाही. त्यामुळे अहवाल हाती आल्यावर घरात नवरा-बायकोने एकमेकांवर संशय घेण्यात अर्थ नाही. हे समुपदेशनात आधीच सांगायला हवे.

डहाणू-तलासरीत अडचण कुठे?

अहवाल पोहोचवण्यात. ॲसेटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीचा निकाल जागेवरच कळतो. एचपीव्ही चाचणी अधिक खात्रीची. पण नमुना प्रयोगशाळेत जातो. दिवाळीनंतर पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. दहांतील ती एक महिला तेव्हा सापडली नाही, तर चाचणी वायाच गेली. म्हणून शिबिरे पावसाळ्यात, स्थलांतराआधी घ्यावीत आणि उपचाराची तारीखही तेव्हाच ठरावी.

देशात ३० ते ४९ वयाच्या केवळ १.९ टक्के महिलांची ही तपासणी कधीतरी झाल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० साठीचे उद्दिष्ट ७० टक्के आहे.

संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल, तर शिबिराची वाट पाहू नये. थेट डहाणू किंवा कासा उपजिल्हा रुग्णालय गाठावे.