बांधावरून : बर्फातला जिवाणू, सोनारीचं सोयाबीन

सोनारीला भैरवनाथाचं दर्शन झालं, माकडांपासून नारळाची पिशवी सांभाळली आणि पुढं एका ओळखीच्या रानात टेकलो. मे महिन्यात तिथली ढेकळं हातात धरवत नाहीत. बोलता बोलता बर्फाळ जमिनीतल्या नव्या जिवाणूंचा विषय निघाला, तसा एक जण म्हणाला, "तिकडं बर्फात सापडला, त्याचं आमाला काय?"

प्रश्न रास्त आहे. थंडीत डब्यातलं तूप दगड होतं, पण करडईचं तेल वाहतं राहतं. बर्फातल्या जिवाणूची कातडी म्हणा ना, ती अशी तेलाच्या जातीची असते. गारठ्यातही लवचीक राहते. खरा शीतप्रेमी 15 अंशांच्या आत सुखात असतो आणि 20 अंशांपुढं वाढतच नाही. म्हणून त्याची माती गारच न्यावी लागते आणि गारव्यातच आठवडेच्या आठवडे तो उगवायची वाट पाहावी लागते.

अंटार्क्टिकात आपलं 'मैत्री' केंद्र आहे, त्या शिरमाखर परिसरातल्या मातीतून हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये 'स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकस' ही नवी जात नोंदवली. (ही थंडी सोसणारी; निव्वळ थंडीतच जगणारी नव्हे.) नवी जात म्हणायची तर नुसतं सापडून भागत नाही. तिची जनुकं ओळखीच्या जातींशी ताडून बघायची, ती काय खाते, किती अंशांवर वाढते ते तपासायचं. आजच्या नियमानं तिचा जिवंत नमुना दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे कुणालाही पडताळता येतं. असा मोठा संग्रह आपल्या पुण्यात आहे, डॉ. योगेश शौचे यांनी उभा केलेला.

याच शौचेंचा आणि शिवाजींचा आणखी एका कामात हात होता. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं 2005 मध्ये हैदराबादहून फुगा सोडला, 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा आणली. 2009 मध्ये त्यातून तीन नव्या जाती जाहीर झाल्या. एकीचं नाव तेव्हा ठेवलं 'बॅसिलस आर्यभट्टाई'. पुढं हीच जात कोरियात सोयाबीनच्या मुळांजवळच्या मातीत सापडली. नाव आणि नमुना जपलेला होता म्हणून ती ओळखू आली!

आणि इथंच सोनारीच्या रानाचा संबंध येतो. सोयाबीनच्या मुळाला गाठ धरते ती 'ब्रॅडीरायझोबियम'मुळे. हरभऱ्याला लागतो 'मेसोरायझोबियम'. एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. तरी कित्येक ठिकाणी मागणी होते ती नुसत्या 'जिवाणू खता'ची. द्रवरूप खतात दर मिलिलिटरला किमान 10 कोटी जिवंत पेशी हव्यात, हा सरकारी नियम आहे. पण पत्र्याखाली तापलेल्या बाटलीत जूनपर्यंत किती उरतात? पिकाचं नाव, जिवाणूचं पूर्ण नाव, मुदत, हे बघितल्याशिवाय बाटली घेऊच नये आणि दुकानदारानं ती सावलीत ठेवलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या वर्षी मी घेतलेल्या बाटलीवर पिकाचं नावच नव्हतं. ऑगस्टमध्ये रोप उपटलं, मुळावरची गाठ नखानं फोडली. चांगली गाठ आत लालसर निघते. माझी पांढरी निघाली.