तंजावरचे देऊळ आणि कावेरीचा बांध



सुगी आटोपली की घरोघरी दक्षिणयात्रेचे बेत सुरू होतात. रामेश्वराला जाताना तंजावरला एक मुक्काम जरूर करा. राजराज चोलाने १०१० साली पुरे केलेले बृहदीश्वराचे देऊळ तिथे आहे. शिखर सुमारे २०० फूट उंच! पण नुसते शिखर बघून परतू नका. भिंतींवरच्या तमिळ लेखांत कोणत्या गावाने देवळाला किती भात द्यायचे, दिव्याच्या तुपासाठी किती जनावरे दिली, हे कोरलेले आहे. म्हणजे हे वैभव कावेरीकाठच्या कुणब्याच्या कणगीवर उभे राहिले. सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहासही इथेच आहे. तो मुलांना दाखवा.

मग तिरुचिरापल्लीजवळचा कल्लणै बांध पाहा. करिकाल चोलाने तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधला असे मानतात. दुरुस्त्या होत होत तो आजही कावेरीचे पाणी शेतांकडे वळवतो. आधी पाणी, मग पीक, मग देऊळ, हा क्रम तिथे ध्यानात येतो.

उन्हाळा टाळा, पौष-माघात निघा. दुपारी फरशी तापते, गाभाराही बंद असतो. म्हाताऱ्या माणसांना सकाळीच दर्शन घडवा. दोन ठिकाणे कमी झाली तरी चालतील, पण पाहाल ते सवडीने पाहा.