आधी राहा, मग सजवा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की महिनाभरात सुतारकाम सुरू होते. फॉल्स सीलिंग, त्यातून झिरपणारा पिवळा उजेड, टीव्हीमागे संगमरवरासारखा दिसणारा लॅमिनेट, करडा सोफा. बाणेर असो वा घोडबंदर रस्ता, दिवाणखाने एकमेकांची नक्कल वाटावेत इतके सारखे झाले आहेत. त्या घरात गाणे शिकणारी मुलगी आहे की रोज पोथी वाचणारे आजोबा, याचा भिंतींवरून पत्ताच लागत नाही. एवढा पैसा ओतूनही घराला चेहरा नसावा, ही खरी हानी आहे.

आपली आवड कशी ओळखायची, असा प्रश्न पडणाऱ्याने पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय निवांतपणे पाहावे. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर केळकर यांनी गावोगाव हिंडून इथल्या वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले. सुमारे 20 हजार वस्तूंच्या या संग्रहातल्या कितीतरी वस्तू रोजच्या घरातल्या आहेत: अडकित्ते, समया, दौती, टाचा घासायच्या वज्री, पानाचे डबे. सुपारी कातरायला धारेचे एक पाते आणि दोन दांडे पुरतात. तरीही कारागिराने अडकित्त्याला कधी पोपटाचा, कधी घोड्याचा आकार दिला. हे अडकित्ते वापरणाऱ्यांना कोणी शैली शिकवली नव्हती. रोज हातात येणारी वस्तू मनासारखी असावी, एवढाच त्यांचा आग्रह होता. घराच्या सजावटीचा धागा इथूनच धरावा.

गोव्यातल्या जुन्या घरांचेही तसेच. काच सहज मिळत नव्हती, म्हणून खिडक्यांच्या चौकटींत पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवले गेले. त्यांतून येणारा दुधाळ उजेड आज लोक मुद्दाम पाहायला जातात. गरजेतून निघालेली गोष्टच त्या घरांची ओळख झाली.

याउलट वारली चित्रांचे स्टिकर पाहा. वारली घरात लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक रेखतात. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे लग्नापलीकडे नेली, कागदावर आणली, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याला ही चित्रे मनापासून आवडतात त्याने डहाणू-पालघरकडच्या चित्रकाराच्या हातचे एक तरी चित्र घ्यावे. सोफ्यावरची जागा रिकामी दिसते म्हणून स्टिकर चिकटवला तर त्यात ना वारली उरतात, ना घरमालक.

मग करायचे काय? निदान तीन-चार महिने गाद्या, खुर्च्या आणि एका टेबलावर घर चालवावे. दुपारचे ऊन कोणत्या खोलीत येते, भाजी निवडायला घरातली माणसे कुठे बसतात, वर्तमानपत्रांचा गठ्ठा कुठे साचतो, पाहुणे आल्यावर सगळे कुठे दाटतात, हे तेवढ्यात कळते. भिंतीत ठोकलेले फर्निचर नंतर हलवता येत नाही, घर बदलताना नेताही येत नाही. सुटे कपाट, सुटी मांडणी, बाल्कनीतला झोपाळा मात्र माणसांबरोबर जागा बदलतात. भाड्याच्या घरात तर हाच मार्ग शहाणपणाचा. ट्रॉल्या आणि ओटा यांचे काम आधी करून घ्यायला हरकत नाही; स्वयंपाक थांबत नसतो.

आणि नवे घेण्याआधी जुने बघावे. आजीच्या लुगड्यांची गोधडी कोणत्याच दुकानात मिळत नाही. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराच्या हातोडीच्या ठोक्यांचे मठार अंगावर वागवणारा तांब्याचा हंडा कोपऱ्यात ठेवला, तर त्याच्या शेजारी दुसरे काही लागत नाही.

यंदा दिवाळीआधी सुताराला बोलावण्यापूर्वी एक रविवार काढा. माळा उघडा, आईला शेजारी बसवा आणि निघेल ती प्रत्येक वस्तू कुणाची, कुठून आली, ते तिला विचारा.